आधी नळी, मग खुर्ची : सत्तरीतल्या एका पाडेल्याचं प्रकरण

पुरुष, वय ३९. राहणार गोव्यातला सत्तरी तालुका, वाळपईच्या पलीकडचा एक वाडा. व्यवसाय पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणं आणि हंगामात कुळागरांतून सुपारी काढणं. घरी आई, बायको, एक मुलगा, एक मुलगी. फेब्रुवारीत माडावरून पडून छातीचा बारावा मणका, डॉक्टरांच्या भाषेत डी-१२, फुटला. मज्जारज्जूला पूर्ण इजा. कमरेखाली स्पर्श कळत नाही, पाय हलत नाहीत, लघवी-संडासवर ताबा नाही. हात, छाती, मान शाबूत.

आमच्या संस्थेच्या वहीत हे नाव जूनमध्ये आलं, अपघाताला चार महिने होऊन गेल्यावर. संस्था लहान आहे. एक निवृत्त परिचारिका, आठवड्यातून काही दिवस येणारी एक फिजिओथेरपिस्ट, कागदपत्रं सांभाळणारे दोघे-तिघे आणि स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेले चौघे कार्यकर्ते. देणग्यांवर चालते. कुटुंबाच्या परवानगीनं हे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वाड्यावर त्यांना दादा म्हणतात, इथेही तसंच म्हणू.

हे प्रकरण सविस्तर मांडायचं कारण एकच. मज्जारज्जूची इजा झालेल्या माणसाला समाज मदत करतो, मनापासून करतो, पण बहुतेक वेळा उलट्या क्रमानं करतो. दादांच्या बाबतीत त्या उलट्या क्रमाची किंमत त्यांच्या शरीरानं मोजली.

पडल्यापासून घरी येईपर्यंत

माड निसरडा नव्हता, पायातलं दोरीचं कडंही तुटलं नाही. वर पोचल्यावर आधारासाठी धरलेली झावळी सुकलेली निघाली आणि हातात आली. खाली नारळ गोळा करणाऱ्या दोघांनी धावत येऊन एकानं काखेत, एकानं पायांना धरून उचललं आणि पिकअपच्या मागच्या बाजूला टेकवून बसवून नेलं. घाबरलेला कुणीही हेच करील. पण मणका फुटलेल्या माणसाला वाकवलं किंवा बसवलं की हाडाचे तुकडे आणखी आत रुतू शकतात. इजा अर्धवट असेल तर पूर्ण होऊ शकते. अशा माणसाला आहे तिथेच सपाट ठेवायचं, मान-पाठ-कंबर एका रेषेत राहील अशा बेतानं तिघाचौघांनी एकदम कुशीवर वळवायचं, खाली फळी सरकवायची (घराचं दार काढून आणलं तरी चालतं) आणि १०८ बोलवायची. गोव्यात ज्या ज्या वाड्यावर पाडेली आणि रेंदेर (माडाची ताडी काढणारे) राहतात, तिथे हे चार जणांना तरी माहीत असायला हवं.

रुग्णालयात पाठीत स्क्रू आणि सळ्या बसवल्या. या शस्त्रक्रियेनं मणका स्थिर होतो, मज्जारज्जू पूर्ववत होत नाही. घरच्यांना हे सांगितलं गेलं होतं, पण त्या दिवसांत ते ऐकण्याच्या अवस्थेत कुणी नव्हतं. तीन आठवड्यांनी दादा घरी आले ते ‘सहा महिन्यांत उभा राहीन’ या भरवशावर. लघवीला कायमची बसवलेली नळी आणि पिशवी सोबत होती.

पुढचे तीन महिने मालिश, लेप, शेक. एकदा शेकताना गरम विटेनं टाच भाजली, ते दादांना कळलं नाही, आईला वास आला तेव्हा कळलं. पैसे संपत आले. वहिनी काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जायच्या, ते काम सुटलं, कारण दर दोन तासांनी नवऱ्याची कूस बदलायला घरी कुणीतरी हवं होतं आणि सासूबाईंच्या हातात तेवढी ताकद नव्हती.

मे महिन्यात परिसरातल्या एका मंडळानं आपल्या वार्षिक कार्यक्रमात दादांना चाकाची खुर्ची दिली. शाल, नारळ, फोटो. देणाऱ्यांच्या हेतूबद्दल तिळमात्र शंका नाही, वर्गणी काढून घेतलेली खुर्ची होती. ती रुग्णालयात रुग्ण इकडून तिकडे न्यायला वापरतात तशी घडीची, लोखंडी. बैठक १८ इंच रुंद, नुसत्या कापडाची. दादांचं माप १५ इंच. खुर्चीचे हात पक्के जोडलेले, त्यामुळे खाटेवरून बाजूनं सरकून तिच्यात बसणं अशक्य, दोघांनी उचलूनच बसवावं लागे. तरी दादा खूष होते. तीन महिन्यांनी प्रथमच ओसरीवर बसून रस्ता दिसत होता. सकाळी बसवलं की दुपारच्या जेवणापर्यंत तिथेच.

बसलेल्या माणसाचा भार ढुंगणाखालच्या दोन हाडांवर येतो. तुम्ही-आम्ही दर काही मिनिटांनी नकळत इकडून तिकडे कलतो, कारण तिथे दुखायला लागतं. ज्याला दुखतच नाही तो कलत नाही. हाड आणि बैठक यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, रक्त पोचत नाही आणि आतलं मांस मरू लागतं. वर फक्त एक लाल चट्टा दिसतो, बोटानं दाबला तरी पांढरा न पडणारा. वहिनींना तो दिसला होता. डास चावला असेल म्हणून त्यांनी खोबरेल लावलं.

जूनमधली पहिली भेट

आरोग्य केंद्रातल्या एका परिचारिकेनं आमच्याकडे निरोप दिला. आम्ही गेलो तेव्हा पाऊस लागला होता. दादा आतल्या खोलीत खाटेवर उताणे, अंगावर जाड चादर, हुडहुडी भरलेली. डाव्या बैठकीच्या हाडावर ४ सेंटिमीटर रुंदीची जखम, आत हाडापर्यंत. तिच्यात हळद भरलेली. पिशवीतली लघवी गढूळ, तळाशी पांढरा साका. नळी शेवटची कधी बदलली याचा हिशेब कुणाकडे नव्हता. अशी आत राहणारी नळी साधारण महिन्याच्या आत बदलावी लागते. कोपऱ्यात खुर्ची घडी घालून ठेवली होती, तिच्या हातावर हाराची सुकलेली फुलं तशीच अडकलेली.

दादांनी पहिला प्रश्न विचारला, ‘चालायचा व्यायाम कधीपासून सुरू करायचा?’

या प्रश्नाला उत्तर द्यायचं आमच्या संस्थेत ठरलेलं आहे. खोटी आशा द्यायची नाही, आणि पहिल्याच भेटीत दार धाडकन बंदही करायचं नाही. आमच्या फिजिओथेरपिस्टनं सांगितलं, ‘आधी ताप आणि ही जखम. या दोन्हींनी माणूस जातो, पाय न चालल्यानं जात नाही.’ ते अक्षरशः खरं आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मज्जारज्जू तुटलेली माणसं बहुधा काही महिन्यांतच मूत्रमार्गाच्या संसर्गानं किंवा दाबाच्या जखमांनी दगावत. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गुटमन यांनी खास विभाग सुरू केला. दर दोन तासांनी कूस बदलणं, मूत्राशयाची काटेकोर निगा आणि रुग्णाला कामाला-खेळाला लावणं, एवढ्या गोष्टींनी चित्र पालटलं. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या अहवालात नोंद आहे की ही इजा झालेल्या माणसाचा अकाली मृत्यू होण्याची शक्यता इतरांपेक्षा २ ते ५ पट असते, आणि जिथे उपचार-सोयी तोकड्या तिथे जास्त. कारणं बहुतेक टाळता येण्यासारखी.

म्हणून आमचा क्रम असा: आधी मूत्राशय, मग कातडी, मग संडास-न्हाणी, त्यानंतर मापाची खुर्ची, आणि मग काम-धंदा. समाजाची मदत मात्र खुर्चीपासून सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच थांबते. नळी देतानाचा फोटो कुणी छापत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण खुर्चीवर बसायला माणूस जिवंत आणि धडधाकट कातडीचा हवा.

नळी

डॉक्टरांनी लघवीची तपासणी केली, ताप उतरवला, सोनोग्राफीत मूत्रपिंडं ठीक आहेत हे पाहिलं. मग कायमची नळी काढून, ठरावीक वेळी स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करायची पद्धत सुरू करायला परवानगी दिली. अमेरिकेतले डॉ. जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये ही पद्धत मांडली. निर्जंतुक खोली लागत नाही, स्वच्छ धुतलेले हात पुरतात, हा त्यांचा मुद्दा होता. मूत्राशय वेळच्या वेळी पूर्ण रिकामं होणं महत्त्वाचं. त्यात लघवी तुंबून राहिली, भरून ताणलं गेलं, की जंतू वाढतात आणि दाब उलटा मूत्रपिंडाकडे जातो.

दादांनी ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. वहिनी म्हणाल्या, ‘मला शिकवा, मी करीन.’

इथे आम्ही थांबलो. बहुतेक घरांत इथेच घसरतं. बायको शिकते, चटकन शिकते, आणि मग पुढची वीस-तीस वर्षं दर चार तासांनी ती नवऱ्याला बांधली जाते. तिला माहेरी जाता येत नाही, कामावर जाता येत नाही, आजारी पडता येत नाही. ज्याचे हात शाबूत आहेत त्याची नळी त्याच्याच हातात असली पाहिजे, यावर आम्ही तडजोड करत नाही. (मानेच्या मणक्याची इजा असेल, बोटं चालत नसतील, तर गोष्ट वेगळी.)

दुसऱ्या दिवशी डिचोलीचे भाई आले. भाई एके काळी खाणीवर टिपर चालवायचे. रस्त्यावरच्या अपघातात पाठ गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. हातानं चालवायची गाडी घेऊन ते स्वतः आले, खुर्ची गाडीतून स्वतः काढली, आणि दारातल्या पायऱ्यांवरून मात्र चार पोरांनी उचलून आत आणलं. त्यांनी खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढलं, आम्हांलाही. पुढचं दादांनी नंतर सांगितलं आणि भाईंनी इतरांना शिकवण्यासाठी सांगायला मोकळीक दिली आहे.

भाईंनी आधी आपली करून दाखवली. साबणानं हात धुतले, टॉवेल मांडीवर, नळीच्या टोकाला जेल, शांतपणे आत, एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीत लघवी. बाटलीवर मार्करनं शंभर-शंभर मिलिलिटरच्या खुणा. भरली किती ते वाचलं, वहीत लिहिलं, नळी धुतली, झटकली, डब्यात ठेवली. ‘बघितलंस? एवढंच. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, नाहीतर मी तुझ्यासमोर केलं असतं का? आता तू कर.’

दादांचे हात थरथरत होते. पहिल्यांदा जमलं नाही. भाईंनी घाई केली नाही. दुसऱ्यांदा बाटलीत धार पडली. दादांना स्वतःला काहीच कळलं नव्हतं, फक्त आवाज आला. त्या आवाजानं ते रडले, असं भाई म्हणतात.

वेळापत्रक भिंतीवर लावलं: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. पाणी दिवसभरात विभागून, रात्रीच्या जेवणानंतर अगदी थोडं. एका वेळी बाटलीत ४०० च्या आसपास आलं पाहिजे. ५०० च्या वर जायला लागलं तर वेळेचं अंतर कमी करायचं. नळी दर वेळी नवी वापरणं सगळ्यात चांगलं, ते परवडत नसेल तर धुऊन-वाळवून वापरायची आणि खराब होताच टाकायची. साधी नळी पन्नास रुपयांच्या आत मिळते. दोन-तीन आठवड्यांत वहीतले आकडे स्थिर झाले. थंडीताप थांबला.

संडासचं तंत्रही भाईंनीच बसवलं. रोज एकाच वेळी, सकाळी गरम चहा किंवा पेज घेतल्यावर, हातमोजा आणि थोडं तेल, मध्ये भोक पाडलेली प्लॅस्टिकची मजबूत खुर्ची, कडांना फोम. दिवसभर कपडे खराब होण्याची धास्ती गेली तेव्हा दादा पहिल्यांदा पाहुण्यांसमोर यायला तयार झाले. नवरा-बायकोच्या संबंधांबद्दलही त्या दोघांचं बोलणं झालं, आणि भाईंच्या बायकोचं वहिनींशी. काय बोलले ते आम्ही विचारलं नाही. हे प्रश्न प्रत्येक जोडप्याला असतात, आणि डॉक्टरला विचारायचं धैर्य फार थोड्यांना होतं, म्हणून अशा भेटी घडवून आणणं आम्ही कामाचाच भाग मानतो.

उशी

जखमेवर पहिला उपाय म्हणजे तिच्यावर भार न येऊ देणं. खुर्ची पूर्ण बंद. छातीखाली आणि मांड्यांखाली उशा घेऊन दिवसातले बरेच तास पालथं झोपायचं. हळद बंद, सलाइननं धुऊन ड्रेसिंग. जेवणात अंडी, डाळ, बांगडा रोजच्या रोज, कारण जखम भरायला प्रथिनं लागतात आणि हे घर तोवर पेज-लोणच्यावर आलं होतं. या खाण्याचा खर्च आम्ही औषधाच्या खात्यात लिहिला. पुढे शल्यचिकित्सकांनी मेलेलं मांस काढलं आणि काही आठवड्यांनी शेजारचा स्नायू-कातडी फिरवून जखम झाकली.

यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. दरवर्षी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं बांधतात त्या लाकडी चौकटीचं, सामान आणणं हे दादांचं काम. सुपारीचा घोस, नारळाची पेंड (घड), रानातली फळं कुठल्या डोंगराला कुठल्या दिवसांत मिळतात हे वाड्यावर त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. या वर्षी मुलगा आणि पुतणे गेले. दादा गणपतीच्या खोलीत पालथे झोपून, हनुवटी उशीवर टेकवून, काय कुठे बांधायचं ते सांगत होते. ‘तो घोस मध्ये नको, कडेला घे, वजनानं काठी वाकेल.’ आम्ही भेटायला गेलो होतो. बऱ्याच दिवसांनी त्या आवाजात हुकूम ऐकू आला.

उशीची गोष्ट इथे सविस्तर सांगायला हवी, कारण ती कुठेही करता येते. हवेच्या कप्प्यांच्या परदेशी उशा चांगल्या असतात, पण महाग, आणि पंक्चर झाल्या की वाळपईत कोण दुरुस्त करणार? आमच्या फिजिओथेरपिस्टनं बाजारातल्या सोफ्याचं काम करणाऱ्या कारागिराला गाठलं. खाली कडक फोम, वर मऊ, मागच्या भागात बैठकीच्या हाडांसाठी खोलगट जागा, पुढे मांड्यांना आधार. वरचं कापड ताणलं जाणारं, म्हणजे खोलगट जागा खेचून सपाट होत नाही. पहिली उशी बघून कारागीर म्हणाला, बसल्यावर छान वाटतंय. पण इथे ‘छान वाटणं’ निरुपयोगी आहे, ज्याला बसायचंय त्याला काही वाटतच नाही.

त्यासाठी बोटांची चाचणी असते. माणसाला उशीवर बसवायचं, त्याला पुढे कलायला सांगून उशी आणि बैठकीच्या हाडामध्ये आपली बोटं सरकवायची, मग सरळ बसवायचं. बोटांची टोकं पाचेक मिलिमीटर वर-खाली हलवता आली तर ठीक. हलत नाहीत पण सहज बाहेर निघतात तर धोक्याची सूचना. चिमटल्यासारखी अडकली तर ती उशी वापरायची नाही. पहिल्या उशीत उजव्या बाजूची बोटं हलली, डाव्या बाजूची अडकली. डावी म्हणजे जखमेची बाजू. कारागिरानं तिथला फोम आणखी कोरला. तिसऱ्या वेळी दोन्ही बाजूंची बोटं मोकळी हलली. वहिनींनी, मुलानं आणि त्या कारागिरानंही बोटं घालून पाहिली. त्यानंतर त्यानं आमच्यासाठी आणखी उशा केल्या आहेत आणि आता चाचणी तो स्वतः करतो.

उशी असली तरी दर अर्ध्या तासाच्या आत पुढे वाकून किंवा बाजूला कलून दोन मिनिटं भार काढायचाच. दादांच्या फोनवर गजर लावला आहे.

दार

घराचं जोतं उंच, पुढच्या दाराला अडीच फूट. उतार करायचा तर एका फुटाला बारा फूट लांबी लागते, म्हणजे ३० फूट. अंगणात तुळशीवृंदावनापर्यंत १६ फूट जागा. घर डोंगराच्या उतारावर, त्यामुळे मागच्या दारी जमीन वर आलेली, तिथे उंबऱ्याची उंची फक्त ८ इंच. ८ फुटांत काम भागतं, खर्च नगण्य, न्हाणीही तिकडेच. आम्हांला हे सहज सुचलं.

दादा म्हणाले, ‘मेलेल्या माणसालासुद्धा पुढच्या दारानं नेतात. मी मागून येणार?’

हे मनात ठेवण्यासारखं बोलणं आहे. मोजमाप बरोबर होतं, पण ते घर त्यांचं होतं. शेवटी मागचा उतार आधी केला, कारण न्हाणीपर्यंत पोचणं तातडीचं होतं, आणि पुढच्या दाराचं काम लांबणीवर टाकलं, रद्द केलं नाही. कुटुंब मुंडकार आहे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेलं. १९७५ च्या मुंडकार कायद्यानं त्यांना घरातून काढता येत नाही, तरी अंगणात नवं बांधकाम म्हटल्यावर भाटकारांच्या, म्हणजे जमीनमालकांच्या, कानावर घालणं रीतीला धरून होतं. भाटकारांनी नुसता होकार दिला नाही, चिरेही दिले. पावसाळा सरल्यावर भिंतीलगत १५ फूट, मध्ये वळायला सपाट जागा, मग परत १५ फूट, असा दुहेरी उतार झाला. तुळस जागच्या जागी राहिली.

न्हाणीचं दार २२ इंच होतं, खुर्ची २५ इंच. चौकट काढून भिंत फोडावी लागली. खुर्ची विकत घ्यायच्या आधी घरातलं सगळ्यात अरुंद दार मोजा, एवढं सांगणं कुणी लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

मापाची खुर्ची शेवटी आली: बैठक १५ इंच, हात काढता येणारे, चाकं जांभ्या दगडाच्या रस्त्यावर टिकणारी. सुतारानं फणसाची एक फळी गुळगुळीत करून दिली. खाट आणि खुर्ची यांच्यामध्ये ती टाकून दादा हातांच्या जोरावर सरकतात. माडावर चढलेले हात ते, चार दिवसांत शिकले. जुनी खुर्ची आम्ही मंडळाला परत केली नाही. न्हाणीपर्यंत पाण्याच्या घागरी न्यायला ती घरात वापरतात.

कागद आणि काम

कागदांबद्दल थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत मज्जारज्जूची इजा वेगळी नाही, ती चलनवलनाच्या अपंगत्वात धरतात. प्रमाणपत्र आणि त्यावरून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आधी काढायचं, बाकी सगळं त्यावर चालतं. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून मासिक अर्थसाहाय्य सुरू झालं. २०१६ पासूनची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे (तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख). नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना पुष्कळ जण सुचवतात, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, इथे लागू नाही. नळ्या, हातमोजे, ड्रेसिंग हा महिन्याचा न संपणारा खर्च आम्ही देणगीतून धरला.

कामाचा विषय दादांनीच काढला. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली. त्या स्वतः ऐन तारुण्यात कमरेखाली अधू झाल्या. सिंधुदुर्गात त्यांच्या स्वप्ननगरीत अपंग माणसं काजू प्रक्रियेचं काम करतात. हे आम्ही सांगितलं तेव्हा दादा म्हणाले, काजू बायकोला येतो, मला माड येतो. सुपारी सोलून पाहिली. पण सोलायचं पातं मांडीवर निसटलं आणि कापलेलं त्यांना कळलं नाही, रक्त मुलीला दिसलं. ते थांबवलं. मग त्यांना स्वतःलाच वाट दिसली. गोव्यात पाडेली मिळत नाहीत, बागायतदार महिनोन्‌महिने वाट बघतात. दादांकडे पंचक्रोशीतल्या बागांचे फोन आधीपासून येत होते, ‘आता तुम्ही नाही, तर कोण?’ त्यांनी तीन तरुण पोरं बांधली. फोन दादांकडे येतो, कुठल्या बागेत किती माड, कुठले जुने, कुठल्या माडाची शेंडी सुकायला आली आहे, हे ते सांगतात, पोरं जातात, ठरलेला वाटा दादांना येतो. मोठी कमाई नाही. पण फोन करणारा ‘दादा आहेत का?’ असं विचारतो.

एक अट त्यांनी घातली. नारळ विकास मंडळाची माडावर चढणाऱ्यांसाठी केरा सुरक्षा नावाची अपघात विमा योजना आहे. दादांनी ती कधी घेतली नव्हती. त्यांच्याकडे काम करणाऱ्या पोरानं ती घेतल्याशिवाय त्याला माडावर चढू देत नाहीत.

पणजीत २०२३ पासून पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरतो, देशभरातून खुर्चीवरची माणसं येतात, आणि ते पाहून अभिमान वाटतो. दादांना जायचं होतं. सत्तरीहून पणजीला जाणाऱ्या बसच्या पायऱ्या चढवून खुर्ची आत न्यायची म्हणजे चार माणसं आणि कंडक्टरची मेहरबानी लागते. भाईंच्या गाडीतून गेले. ज्यांना भाई नाहीत त्यांचं काय, हे राज्यानं सोडवायचं आहे.

आज

जखम भरलेली आहे. रोज रात्री दादा लांब दांडीच्या आरशात स्वतः कातडी तपासतात. लाल दिसलं तर दुसऱ्या दिवशी खुर्ची नाही. मूत्रपिंडांची सोनोग्राफी वर्षातून एकदा, यंदाची व्हायची आहे. खुर्ची देणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष मागे भेटून गेले. त्यांनी पेडण्यातल्या एका मुलीसाठी खुर्ची घ्यायचं ठरवलं होतं. माप घ्यायला भाईंबरोबर दादा गेले. तिच्या पाठीवर जखमेची सुरुवात होती, म्हणून खुर्ची थांबवून मंडळानं सहा महिन्यांच्या नळ्या आणि उशीचे पैसे दिले.

वहिनी अर्धा दिवस कारखान्यात जाऊ लागल्या आहेत. पण त्या चार महिन्यांत एकटीनं उचलाउचल करून त्यांची कंबर धरली, ती अजून सुटलेली नाही. रुग्णाची वही आमच्याकडे आहे, सांभाळणाऱ्याची नव्हती. आता प्रत्येक घरात दुसरी वही उघडायची असं ठरलं आहे: पहिल्याच भेटीत बायकोची, आईची पाठ तपासायची आणि उचलायचं कसं ते शिकवायचं. वहिनींची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.